नानांचं दार आणि वरच्या मजल्यावरचा बैल

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. टेम्पोच्या हौद्यात सामान साचतं ना, तसे ते साचतात. एक दोरी, एकाच पायाची चप्पल, अर्धी पाण्याची बाटली. टाकायला गेलं की वाटतं, राहू दे, लागेल कधीतरी.

धुळ्यात माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. मशीनच्या मागे, भिंतीला टेकवून, एक सागवानी दार उभं आहे. त्याला पितळी कडी आहे, वरच्या बाजूला लाल रंगात ‘शुभ’ लिहिलंय, खाली ‘लाभ’ लिहिलंय आणि मधोमध टायरचे काळे पट्टे आहेत. दार कुठेच उघडत नाही. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दिलीपभाऊ, हे दार इथं कशाला?"

झालं! आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला आलेला माणूस तासाभराने जातो आणि पुष्कळदा प्रती काउंटरवरच विसरून जातो.

आता तुम्हीही विचारलंच आहे, तर बसा.

*

आम्ही चौघं. व्हीलचेअर तीन, टेम्पो एक.

मी दोन वर्षांचा असताना पोलिओने पाय गेले, त्यामुळे खुर्ची ही मला नवी नाही. अक्का मूळच्या जळगावच्या, लग्न होऊन धुळ्यात आलेल्या. पंचवीस वर्षं शिवणक्लास चालवला. गच्चीवर पापड वाळत घालून उतरताना जिन्यावरून पडल्या आणि कंबरेखालचं सगळं थांबलं. तोंड मात्र दुप्पट वेगाने चालू झालं, असं त्या स्वतःच सांगायच्या. तिसरे नाना. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मभर मास्तरकी केलेले. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, म्हणून मुलाकडे धुळ्याला राहायला आलेले. आणि चौथे भास्करभाऊ. त्यांचे पाय ठणठणीत, फक्त गुडघा दुखायचा. जळगावकडून केळी आणणारा टेम्पो त्यांच्या मालकीचा.

आमची ओळख झाली फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये. दर मंगळवारी बाकीचे लोक तिथे व्यायाम करायचे, आम्ही गप्पा मारायचो. एक दिवस अक्का म्हणाल्या, "तीस वर्षं झाली धुळ्यात येऊन. सासर, शिवणक्लास आणि भाजीबाजार, एवढंच धुळं पाहिलं. पाय होते तेव्हा वेळ नव्हता. आता वेळ आहे!"

भास्करभाऊ म्हणाले, "रविवारी टेम्पो मोकळा असतो."

बस, तेवढ्यावर आमची सहल सुरू झाली. महिन्यातला दुसरा रविवार. ती पाच वर्षं चालली.

*

पहिल्या रविवारी आम्ही गावातल्याच एका छोट्या, जुन्या संग्रहालयात गेलो. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांची थोडी थट्टा आहे आणि माणसं फार चांगली होती.

संग्रहालयाला पुढे तीन पायऱ्या. भास्करभाऊंनी केळीचे क्रेट चढवायची फळी आणली होती, ती पायऱ्यांवर टाकली. पहिला मान अक्कांचा. खुर्ची अर्ध्यात गेली आणि फळी काडकन मोडली! खुर्ची मागे सरकली, भास्करभाऊंनी पोटावर झेलली.

अक्का वर न बघता म्हणाल्या, "माझ्या वजनावर जो पहिला शब्द बोलेल, त्याला मी इथेच सोडून जाईन."

आम्ही तिघंही झाडावरचे पक्षी बघायला लागलो.

पुढच्या महिन्याच्या रविवारी नानांच्या घरासमोर टेम्पो उभा राहिला, तर नाना अंगणात एक दार घेऊन बसलेले. गावचं घर पाडून नवीन बांधलं तेव्हा हे दार त्यांनी टाकू दिलं नव्हतं. पत्र्याच्या शेडमागे ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "नाना, एवढं चांगलं सागवान! ह्यावरून चाकं न्यायची?"

नाना मास्तर होते, त्यामुळे आमच्याशी शुद्ध बोलायचे. मन भरून आलं की मात्र अहिराणीवर यायचे. म्हणाले, "दर पोळ्याले बठ्ठा गावना बैल ह्या दारमा येत. आई ताट लई उभी राहे. आता कॉलनीत बैल येत नाहीत रे, कुरिअर येतं! नुसतं पडून आहे ते. घ्या." पोळ्याला सगळ्या गावचे बैल ह्या दारात यायचे आणि आई ओवाळायला ताट घेऊन उभी राहायची, असं सांगत होते.

म्हणून घेतलं. ‘लाभ’ खाली, ‘शुभ’ वर. चढताना कडी खडखड वाजायची आणि आत बसलेल्या वॉचमनला कळायचं, आली मंडळी.

*

आता बैलाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

नाना तरुण मास्तर होते तेव्हा शाळेत झेंड्याच्या खांबासाठी खड्डा खणत होते. पंधरा ऑगस्ट दोन दिवसांवर आलेला. कंबरभर खणल्यावर पोरांनी एकच गलका केला, "गुरुजी, बैल उना! बैल उना!" म्हणजे बैल आला! पाहतात तर मातीचा, भाजलेला, वीतभर लांबीचा बैल. फार जुना. एक शिंग मोडलेलं.

नानांनी शिंग शोधायला आणखी खणलं. मग आणखी. झेंडावंदनाच्या दिवशी शिंग सापडलंच नव्हतं आणि खड्डा एवढा झाला होता की सलामी देऊन मागे वळलेले हेडमास्तर सरळ आत गेले!

नंतर नानांनी जेवणाचा डबा रिकामा केला, बैल रुमालात गुंडाळून त्यात ठेवला आणि एसटीने धुळ्याला आणून ह्या संग्रहालयाला दिला. तेव्हापासून तो वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात आहे. दर वर्षी नाना शाळेची सहल आणायचे. आणि पोळ्याच्या दिवशी, घरच्या दारात बैल ओवाळून झाले की, एकटे एसटीत बसून यायचे. कपाटासमोर पुरणपोळीचा तुकडा धरायचे. जुना वॉचमन तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचा.

पक्षाघातानंतर हे सगळं थांबलं. संग्रहालयाला लिफ्ट नव्हती, सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना होता. आमची तिन्ही चाकं त्या जिन्यापाशी येऊन थांबायची. मी आणि अक्का खालच्या दालनातली नाणी बघायचो, तलवारी बघायचो. नाना जिन्याच्या तळाशी खुर्ची लावायचे आणि वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "बैल पाहिला का? मातीचा आहे, लहान. एक शिंग नाही."

लोक हसून म्हणायचे, हो, पाहिला. मग नानांचा पुढचा प्रश्न, "कसा आहे?"

एकदा एक भारदस्त मिशीवाले गृहस्थ उतरले. पोलीस खात्यातले असावेत. म्हणाले, "कुठला बैल? मी नाही पाहिला."

नानांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "नाही पाहिला? मग वर काय केलं इतका वेळ? जा परत. डावीकडचं तिसरं कपाट."

आणि ते गृहस्थ खरंच परत गेले! सतरा पायऱ्या चढून, पाच मिनिटांनी खाली आले, नानांसमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "पाहिला, सर. बरा आहे."

*

मग नानांना उचलून का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारायचे. त्याचं उत्तर जळगावला घडलं.

जळगावला एका सभागृहात जुन्या शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन होतं. आम्ही दारापाशी पोचून टेम्पोतून आमचं दार काढतोय, तोवर आतून आठ-दहा स्वयंसेवक धावत आले. छातीवर बिल्ले, अंगात उत्साह. "थांबा काका, आम्ही आहोत ना!" म्हणत त्यांनी नानांना खुर्चीसकट उचललं आणि पळत सुटले. आम्ही मागून ओरडतोय, "अहो, अवजारं त्या बाजूला!" ऐकतंय कोण?

सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा संस्थेचा सत्कार समारंभ चालू होता. स्वयंसेवकांनी नानांना थेट स्टेजवर नेऊन ठेवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या यादीत पुढचं नाव एका ज्येष्ठ कीर्तनकारांचं होतं. ते यायचे होते. समोर धोतर-टोपीतले वयस्कर गृहस्थ आयते बसलेले. बाईंनी नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, नानांच्या अंगावर शाल पडली, मांडीवर नारळ आला आणि तोंडासमोर माईक!

आम्ही मागे उभे. म्हणजे, बसलेले. अक्कांनी तर पदर तोंडात कोंबला.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी तो नव्हे. नानांनी माईक डाव्या हातात घेतला आणि वखर आणि तिफण यातला फरक यावर दहा मिनिटं भाषण केलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खरे कीर्तनकार आले तेव्हा नाना त्यांच्या अंगावर तीच शाल घालून खाली उतरले. उतरले म्हणजे, पुन्हा उचलून उतरवले.

टेम्पोत बसल्यावर आम्ही हसून हसून लोळत होतो. नाना हसत नव्हते. शहर मागे पडलं तेव्हा म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही रे. कुठं जायचंय, एवढंच विचारायचं होतं. मी काय ज्वारीनी गोणी शे का?"

ज्वारीची गोणी आहे का मी, असं विचारत होते. खुर्चीत बसणाऱ्याला हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी नियम ठरला. उचलायचं नाही. जिथे चाक जाईल तिथे आपण. एकाचं चाक अडलं तर तिघांनी थांबायचं. संग्रहालयाच्या जुन्या साहेबांनी एकदा चार माणसं बोलावून देतो म्हटलं, तेव्हाही नाना नाही म्हणाले. बैल वर आणि नाना खाली, असंच चालू राहिलं.

*

लहानसा किस्सा. पारोळ्याच्या पुढे एका ढाब्यावर भरीत-पुरी खायला थांबलो होतो. वेटर पाणी ठेवून गेला, परत आला आणि अक्कांकडे बोट दाखवून भास्करभाऊंना विचारायला लागला, "ह्या काय घेतील?"

भास्करभाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "भाऊ, माझे पाय थांबलेत. भूक चालते, तोंड चालतं, आणि मिरची जास्त लागते!"

बिचाऱ्याने भरीत आणलं ते असं तिखट की अक्कांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. पण कबूल केलं नाही. "आठवण आली माहेरची," म्हणाल्या.

*

सगळीकडे पायऱ्याच होत्या असं मात्र नाही. जळगावकडेच एका नव्या संग्रहालयात आम्ही गेलो, तिथे आमचं दार टेम्पोतून काढावंच लागलं नाही. गेटपासून आतपर्यंत गुळगुळीत उतार, दोन्ही बाजूंना धरायला दांडा, आत लिफ्ट. मी तर पाच मिनिटं त्या उतारावरून नुसतंच खाली-वर केलं. भास्करभाऊ हिरमुसले. "मग मी कशाला आलो?" म्हणाले.

आत गेल्या गेल्या अक्का गायब. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला घाम फुटला. शेवटी कळलं की त्या टॉयलेटमध्ये आहेत. तिथल्या ताईंनी बाहेरून हाक मारली, "अक्का, बरं आहे ना?"

आतून आवाज आला, "एकदम बरं आहे! आता मी दुसरी चक्कर मारतेय!"

बाहेर आल्या तेव्हा चेहरा लग्नघरातल्यासारखा. "दिलीप, आत खुर्ची पूर्ण फिरते! गोल! धरायला दांडे आहेत. कडी खाली आहे, हात पोचतो. ते फोटोबिटो राहू द्या, आधी हे बघून या सगळ्यांनी."

मग त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि एका दमात रिकामी केली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या सहली झाल्या, पण घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत अक्कांना पाणी पिताना मी कधीच पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, त्यांना तहान कमी लागते. माझी मलाच लाज वाटली. अजूनही वाटते.

नानांचं तिसरंच. ते लिफ्टमध्ये शिरले ते बाहेर येईनात. वर जायचे, दार उघडायचं, बंद व्हायचं, खाली यायचे. लिफ्टचा माणूस सौजन्याने त्यांना सात वेळा घेऊन गेला.

मी विचारलं, "नाना, वर काय काय होतं?"

"ते नाही पाहिलं."

"मग सात वेळा जाऊन पाहिलं काय?"

नाना म्हणाले, "वर जाता येतं, ते पाहिलं."

*

आता दाराचा किस्सा. एका रविवारी संग्रहालयातून निघताना भास्करभाऊंना दोंडाईच्याहून बहिणीचा फोन आला, मुलीला बघायला पाहुणे अचानक येताहेत, लगेच ये. घाईघाईत आम्हाला टेम्पोत चढवलं, घरोघर सोडलं, आणि दार संग्रहालयाच्या भिंतीला टेकलेलं तसंच राहिलं. चढायला टेम्पोची स्वतःची लोखंडी पट्टी होती, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या महिन्यात गेलो, तर भिंतीपाशी दार नाही. आम्ही पायऱ्यांखाली थांबलो, भास्करभाऊ आत गेले. परत आले ते चेहरा पाडून.

"दार आत आहे."

"मग आणा की!"

"आणता येत नाही. त्याला दोरी लावलीय."

झालं असं होतं की संग्रहालयात त्याच महिन्यात जुन्या घरगुती वस्तूंचं दालन मांडलं जात होतं. लोक जाती, पाटे, कंदील आणून देत होते. सकाळी दार दिसलं, सगळ्यांना वाटलं कोणी दानशूर गुपचूप ठेवून गेला. दार स्वच्छ पुसलं, उभं केलं, पुढे लाल दोरी बांधली आणि पाटी लावली. भास्करभाऊंनी मोबाइलवर पाटीचा फोटो काढून आणला होता. ‘खानदेशी घराचे सागवानी दार. दारावर बैलगाडीच्या चाकांच्या खुणा आढळतात. कृपया हात लावू नये.’

अक्का म्हणाल्या, "बैलगाडी? ती मी आहे!"

नाना इतके हसले की चष्मा पडला. मग डोळे पुसत म्हणाले, "बघा, माझा बैल आत, माझं दार आत. मीच तेवढा बाहेर!"

दार परत मिळालं, पण ते सोपं नव्हतं. एकदा रजिस्टरला चढलेली वस्तू उतरवायला पुरावा लागतो. दार तुमचंच कशावरून? नाना म्हणाले, "मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात चाकूने ‘राजू’ कोरलंय. माझ्या मुलाने, तो चौथीत असताना. त्यासाठी त्याला मी पट्टीने मारलं होतं."

पाहिलं, तर खरंच होतं. पण साहेबांना खात्री हवी. मग नानांच्या मुलाला फोन लावला. राजूभाऊ बँकेत मॅनेजर, वय पन्नासच्या पुढे, केस पांढरे. फोन स्पीकरवर.

नाना त्यांच्या मास्तरी आवाजात म्हणाले, "राजू, गावच्या दारावर चाकूने नाव तू कोरलंस ना?"

पलीकडून घाईघाईने उत्तर आलं, "नाही नाना! मी नाही!"

*

हा शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

नानांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अक्का मुलाकडे नाशिकला गेल्या. भास्करभाऊंनी टेम्पो विकला आणि दार माझ्या दुकानात आणून ठेवलं. संग्रहालयाला आता सिमेंटचा पक्का उतार झालाय, स्टीलचा दांडा लावलाय. फार छान झालंय. मी अजून एकदाही गेलो नाही. एकट्याने कुठे जावंसं वाटत नाही.

तर नानांचं ते शेवटचं वर्ष. आषाढात नाना पंधरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. आवाज खाली गेला होता. मी भेटायला गेलो, तर त्यांची सून सुमनवहिनी चहा ठेवून आत गेल्यावर म्हणाले, "दिलीप, पोळा कधी आहे?"

"आहे की अजून महिनाभर."

"ह्या वेळी मी जिन्याखाली बसणार नाही. वर जाणार."

"कसं, नाना?"

खिडकीकडे बघत ते म्हणाले, "उचला."

चहा तसाच ठेवून मी निघालो. ज्या माणसाने नियम केला, इतकी वर्षं पाळला, आम्हाला पाळायला लावला, तो स्वतः म्हणत होता, उचला. त्यांना कळलं होतं की पुढचा पोळा काही दिसत नाही. दुकानात येऊन मी शटर अर्धं ओढलं आणि रडलो.

अक्कांना फोन केला. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बैल केवढा आहे रे?"

"वीतभर."

"आणि नाना?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? उचलायचंच आहे, तर ज्याला उचलणं सोपं, त्याला उचला ना!"

मी तासाभरात अर्ज टाइप केला आणि भास्करभाऊंचा टेम्पो बोलावून संग्रहालयात गेलो. जुने साहेब निवृत्त होऊन नवीन मॅडम आल्या होत्या. तरुण, कडक. अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "वस्तू कपाटाबाहेर काढायची तर रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. सफाई, दुरुस्ती, फोटो. ही तीनच कारणं आहेत. ह्यात पोळा नाही."

"माहीत आहे, मॅडम."

"आणि इमारतीच्या बाहेर तर नाहीच. उंबऱ्याच्या आत."

"बरोबर आहे."

त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. "बघते," म्हणाल्या. सरकारी कचेरीत ‘बघते’ म्हणजे काय, ते झेरॉक्सवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मी नानांना काही बोललो नाही. भास्करभाऊंनी आपले दोन धट्टेकट्टे पुतणे पोळ्यासाठी सांगून ठेवले.

पोळ्याच्या दिवशी दहा वाजता आम्ही पुतण्यांसकट पोचलो. नानांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं, पांढरी टोपी घातली होती. सुमनवहिनी मागच्या रिक्षातून पुरणपोळीचं ताट घेऊन येत होत्या. भास्करभाऊंनी तीन पायऱ्यांवर दार टाकलं. वरचं टोक नेहमीसारखं उंबऱ्याच्या आत हातभर गेलं. नानांनी खुर्चीचे दोन्ही दांडे पाहिले, ज्यांना धरून त्यांना उचलणार होते ते. आणि डोळे मिटून घेतले, इंजेक्शन घेताना मिटतात तसे.

"चला," म्हणाले.

भास्करभाऊंनी खुर्चीला हात लावला आणि तसेच थांबले.

मॅडम आतून येत होत्या. हातांत घातलेले पांढरे हातमोजे, त्यांवर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये कापूस आणि कापसावर तो. मातीचा, वीतभर, एका शिंगाचा. इतकी वर्षं ऐकलेला, मी पहिल्यांदाच पाहिला. ट्रेच्या कडेला झेंडूचं फूल खोचलेलं होतं. बैलाला नव्हतं, बैलाला हात लावायची परवानगी नव्हती. मागून वॉचमन रजिस्टर छातीशी धरून येत होता. उघड्या पानावर मॅडमचं अक्षर मला खालूनही दिसलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. पोळा.

मॅडम उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसल्या. दाराचं जे टोक आत आलं होतं, त्यावर, ‘शुभ’च्या अक्षरांवर, त्यांनी ट्रे ठेवला.

"नाना," त्या म्हणाल्या, "ह्याच्या पुढे मला आणता येणार नाही."

नानांनी डोळे उघडले.

भास्करभाऊ भानावर आले आणि खुर्ची दारावरून वर ढकलायला लागले. नानांनी डाव्या हाताने चाक घट्ट धरलं. खुर्ची हलेना.

"नाना, वर चला ना. जवळून बघा."

नानांनी मान हलवली. डाव्या हातानेच टोपी सरळ केली. खुर्चीत जेवढं ताठ बसता येईल तेवढे ताठ बसले. समोर त्यांचं ते दार पसरलेलं आणि त्या टोकाला बैल उभा. मला वाटलं आता रडणार. पण त्यांनी मान मागे वळवली, रिक्षातून उतरणाऱ्या सुमनवहिनींकडे पाहिलं, आणि महिनाभर न ऐकलेल्या त्या वर्गातल्या आवाजात, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"सुमन, ताट लई ये! बैल दारमा उना!"